कोल्हापूरची विमान कंपनी आणि हुबळीचं पहिलं उड्डाण

वारणाकाठी तात्यासाहेब कोरेंचा साखर कारखाना उभा राहण्याच्या कितीतरी आधी, १९३९ साली, कोल्हापूरला विमानतळ झाला होता. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात. धावपट्टी होती, रोजचं विमान मात्र टिकत नव्हतं. किंगफिशर आली आणि गेली. मग आपली रात्रीची ट्रॅव्हल्स, नाहीतर महालक्ष्मी एक्स्प्रेस.

२०१७मध्ये उडान योजनेतलं पहिलं विमान उडालं. तासाभराच्या प्रवासाच्या निम्म्या सीट साधारण अडीच हजार रुपयांत विकायच्या, त्यातला तोटा सरकारने भरून द्यायचा, पण तीनच वर्षं. त्या आधारावर एप्रिल २०१८मध्ये एअर डेक्कनचं छोटं बीचक्राफ्ट मुंबईहून कोल्हापूरला आलं. जेमतेम अठरा-एकोणीस सीट! पुढे ट्रूजेट आली. २०२० साली डेक्कन थांबली, २०२२ साली ट्रूजेट.

गणित सोपं आणि क्रूर आहे. साखर विकली गेली नाही तर गोदामात पडून राहते, भाव आला की निघते. विमानाची रिकामी सीट दार बंद झालं की कायमची गेली. भाडेपट्टा, वैमानिकाचा पगार, देखभाल हे तर विमान उभं असलं तरी द्यायचंच. त्यात मुंबईत उतरण्याच्या वेळेची मारामारी. तिथे पन्नास सीटचं विमानही १८० सीटच्या विमानाइतकीच जागा अडवतं.

हे सगळं दिसत असताना जयसिंगपूरच्या संजय घोडावतांच्या उद्योगसमूहाने स्टार एअर काढली. पन्नास सीटची एम्ब्रेअर १४५ जेट घेतली. एका बाजूला एक सीट, दुसऱ्या बाजूला दोन. मधे चेपून बसायला कुणीच नाही. २५ जानेवारी २०१९ला पहिलं उड्डाण झालं ते बेंगळुरू-हुबळी. मालक कोल्हापूरकडचे, विमान कर्नाटकात! इथे काहींना ते खटकलं असेल, मला शहाणपणाचं वाटतं. कॅप्टन गोपीनाथांच्या मूळ एअर डेक्कननेही २००३ साली याच मार्गावरून सुरुवात केली होती. जिथे प्रवासी आधीच आहे तिथे आधी जायचं. घरची ओढ नंतर.

कोल्हापूर-मुंबई त्यांनी ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू केलं. २०२३मध्ये ताफ्यात ७६ सीटची एम्ब्रेअर १७५ आली. म्हणजे दर फेरीला भरायच्या सीट आणखी सव्वीस.