भारतीय नौदलाची विमानवाहू नौकांवरील लढाऊ विमानांची खरेदी

भारतीय नौदलाची विमानवाहू नौकांवरील लढाऊ विमानांची खरेदी ही भारताच्या संरक्षण खरेदीतील एक प्रदीर्घ प्रक्रिया आहे. ब्रिटनकडून घेतलेली सी हॅरियर, रशियाकडून घेतलेली मिग-२९के आणि २८ एप्रिल २०२५ रोजी फ्रान्सशी झालेल्या करारातील राफेल मरीन हे तिचे तीन मुख्य टप्पे होत. नौका आणि तिच्यावरील विमाने यांचे निर्णय वेगवेगळ्या वेळी झाल्याने दोहोंचा मेळ क्वचितच बसला. मिग विमाने आली तेव्हा नौका तयार नव्हत्या. स्वदेशी विक्रांत तयार झाली तेव्हा तिच्यासाठी पुरेशी विमाने नव्हती.

पार्श्वभूमी

पहिली आयएनएस विक्रांत १९६१ मध्ये नौदलात दाखल झाली. तिच्यावरील सी हॉक विमाने जुनी झाल्यावर १९७९ मध्ये सी हॅरियरची मागणी नोंदवण्यात आली आणि १९८३ च्या अखेरीस पहिली विमाने गोव्यातील दाबोळी येथील आयएनएस हंसा या नौदल हवाई तळावर पोहोचली. तेव्हापासून नौदलाच्या लढाऊ विमानांचे मुख्य ठाणे दाबोळी हेच आहे. सी हॅरियर २०१६ मध्ये निवृत्त झाले आणि आयएनएस विराट ही त्यांची नौका मार्च २०१७ मध्ये.

मिग-२९के करार

२० जानेवारी २००४ रोजी भारताने रशियाशी ॲडमिरल गोर्श्कोव्ह या नौकेचा करार केला. नौका विनामूल्य, मात्र तिच्या दुरुस्तीचे ९७ कोटी ४० लाख डॉलर आणि सोबत १६ मिग-२९के विमाने, असे त्याचे स्वरूप होते. दुरुस्तीचे काम अपेक्षेपेक्षा फार मोठे निघाले. रशियाने वाढीव रक्कम मागितली आणि दीर्घ वाटाघाटींनंतर २०१० मध्ये हा आकडा सुमारे २.३ अब्ज डॉलरवर गेला. निम्म्याहून अधिक काम झालेली नौका सोडून देणे आता भारतालाही परवडणारे नव्हते, आणि वाटाघाटींत भारताची बाजू लंगडी पडण्याचे ते एक प्रमुख कारण होते. नौका आयएनएस विक्रमादित्य या नावाने नोव्हेंबर २०१३ मध्ये सेवेत आली. तिची विमाने त्याआधीच, फेब्रुवारी २०१० मध्ये, दाबोळीला औपचारिकपणे दाखल झाली होती.

२०१० मध्येच मूळ करारातील पर्यायी कलमाचा वापर करून आणखी २९ विमानांची मागणी नोंदवली गेली व एकूण संख्या ४५ झाली. ही वाढीव विमाने मुख्यतः कोची येथे बांधल्या जाणाऱ्या स्वदेशी नौकेसाठी होती. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक (कॅग) यांच्या २०१६ च्या अहवालाने नेमके यावर बोट ठेवले. विमानांचा पुरवठा २०१२ ते २०१६ या काळात होणार होता, तर नौका २०२३ पर्यंत लांबण्याचा अंदाज होता. या विमानाचे सेवाआयुष्य ६,००० उड्डाणतास किंवा २५ वर्षे, यांपैकी जे आधी संपेल तितके असते. म्हणजे विमान उडो वा न उडो, त्याची वर्षे सरतच राहतात.

याच अहवालानुसार मिग-२९केची कार्यसज्जता १५.९३ ते ३७.६३ टक्के आणि मिग-२९केयूबी या दोन आसनी प्रकाराची २१.३० ते ४७.१४ टक्के इतकीच होती. पुरवठा झालेल्या इंजिनांपैकी ४० इंजिने, म्हणजे ६२ टक्के, आराखड्याशी निगडित दोषांमुळे सेवेतून काढावी किंवा नाकारावी लागली होती. नोव्हेंबर २०१९ ते ऑक्टोबर २०२२ या काळात चार विमाने अपघातांत नष्ट झाली.

तेजसची नौदल आवृत्ती

स्वदेशी तेजसच्या नौदल आवृत्तीचे पहिले उड्डाण एप्रिल २०१२ मध्ये झाले. डिसेंबर २०१६ मध्ये तत्कालीन नौदलप्रमुख ॲडमिरल सुनील लांबा यांनी हे विमान नौकेवरून वापरण्याच्या दृष्टीने जड असल्याचे सांगून ते न घेण्याचा निर्णय जाहीर केला. एका इंजिनाच्या या विमानाला स्की-जम्पच्या आखूड अंतरातून पुरेसे इंधन आणि शस्त्रभार घेऊन झेपावता येत नव्हते. विकासकार्य मात्र थांबले नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये गोव्यातील किनारी चाचणी केंद्रावर तारेच्या साहाय्याने अवतरण साधले गेले आणि ११ जानेवारी २०२० रोजी तेजस विक्रमादित्यवर उतरले. त्या अनुभवाच्या आधारे दोन इंजिनांच्या नौकाधारित स्वदेशी विमानाचा प्रकल्प हाती घेण्यात आला.

५७ वरून २६

जानेवारी २०१७ मध्ये नौदलाने ५७ विमानांसाठी परदेशी उत्पादकांकडून माहिती मागवली. पुढील वर्षांत ही संख्या २६ पर्यंत खाली आली. स्वदेशी विमान पुढे येईपर्यंतची तात्पुरती सोय, असे या घटीचे समर्थन केले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे, कारण याच काळात नौदलाच्या वाट्याचा निधी आक्रसत होता. डिसेंबर २०१९ मध्ये नौदलप्रमुख ॲडमिरल करमबीर सिंग यांनी संरक्षण तरतुदीतील नौदलाचा हिस्सा २०१२ मधील १८ टक्क्यांवरून सुमारे १३ टक्क्यांवर आल्याचे जाहीरपणे सांगितले. फेब्रुवारी २०२० मध्ये संरक्षण दलप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी तिसऱ्या विमानवाहू नौकेच्या खर्चाविषयी शंका व्यक्त करून पाणबुड्यांना अग्रक्रम देण्याची भूमिका घेतली.

अर्थसंकल्पाची रचनाही येथे लक्षात घ्यावी लागते. नवी शस्त्रसामग्री भांडवली खर्चातून घेतली जाते. त्यातील मोठा भाग आधी झालेल्या करारांचे हप्ते भागवण्यातच जातो. उरलेल्या रकमेत विमाने, पाणबुड्या, युद्धनौका आणि हेलिकॉप्टर यांना एकमेकांशी स्पर्धा करावी लागते. परकीय चलनातील करारांत रुपया घसरला की हप्ता वाढतो, हा भार वेगळाच.

निवड आणि करार

विक्रांत २ सप्टेंबर २०२२ रोजी सेवेत आली. त्याच वर्षी जानेवारीत दासो कंपनीच्या राफेल मरीनने, तर मे-जूनमध्ये बोइंगच्या सुपर हॉर्नेटने दाबोळी येथे स्की-जम्पवरून झेप घेऊन दाखवली. दोन्ही भारतीय नौका मिग-२९केचे आकारमान गृहीत धरून सज्ज झालेल्या असल्याने हँगरमधून विमान वर आणणाऱ्या लिफ्टचा प्रश्न महत्त्वाचा होता. सुपर हॉर्नेटचे पंख दुमडतात, राफेलचे दुमडत नाहीत. तरीही पारडे राफेलकडे झुकले. हवाई दलाने २०१६ च्या करारानुसार ३६ राफेल विमाने घेतलेली होती. त्यामुळे प्रशिक्षण, सुटे भाग आणि शस्त्रे यांत सामाईकपणा साधणे शक्य होते.

संरक्षण खरेदी परिषदेने १३ जुलै २०२३ रोजी २६ राफेल मरीनच्या खरेदीला प्राथमिक मंजुरी दिली. त्याच बैठकीत मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधावयाच्या तीन अतिरिक्त स्कॉर्पिन पाणबुड्यांनाही मंजुरी मिळाली. सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीची मान्यता एप्रिल २०२५ मध्ये मिळाली आणि त्याच महिन्यात दोन्ही सरकारांमध्ये करार झाला.

कराराची किंमत सुमारे ६३,००० कोटी रुपये आहे. तिला २६ ने भागून प्रत्येक विमानाची किंमत काढण्याची पद्धत प्रसारमाध्यमांत रूढ असली तरी ती दिशाभूल करणारी आहे. या रकमेत शस्त्रे, सिम्युलेटर, प्रशिक्षण आणि कामगिरीशी निगडित देखभाल तर आहेच, शिवाय हवाई दलाच्या विद्यमान राफेल ताफ्यासाठीची अतिरिक्त सामग्रीही आहे. भारतीय शस्त्रे विमानावर बसवण्यासाठीचे तंत्रज्ञान हस्तांतरण आणि राफेलचा सांगाडा भारतात तयार करण्याची सोय यांचाही करारात अंतर्भाव आहे.

२६ पैकी २२ विमाने एक आसनी आहेत. उरलेली चार दोन आसनी विमाने प्रशिक्षणासाठी असून ती नौकेवरून उडू शकत नाहीत. पुरवठा २०३० पर्यंत पूर्ण व्हावयाचा आहे. २०१० मध्ये दाखल झालेल्या पहिल्या मिग-२९के विमानांची २५ वर्षे २०३५ च्या सुमारास भरतात.