सिंह-ताड मोहोर

ईस्ट इंडिया कंपनीने इ. स. १८३५ च्या नाणेविषयक अधिनियमानुसार पाडलेले सुवर्णनाणे. दर्शनी बाजूस चौथ्या विल्यमचा मुखवटा, मागील बाजूस ताडवृक्षापुढे सिंह आणि इंग्रजी व फार्सी लेख, अशी त्याची रचना आहे. एकेरी मोहोर १५ रुपयांची, दुहेरी ३० रुपयांची. दुहेरीचे वजन सु. २३·३ ग्रॅ. असून तीत बारा भागांत अकरा भाग शुद्ध सोने असे. मात्र ज्या अधिनियमाने ही मोहोर निर्माण केली, त्यानेच सोन्याच्या नाण्यास कायदेशीर चलनाचा दर्जा नाकारला. व्यवहारात रुपयाच चालला. पुढे कलकत्ता व मुंबई येथील टांकसाळींनी संग्राहकांसाठी तिच्या प्रती नव्याने पाडल्या. मूळ नाणे व अशी प्रत यांतील भेद जाणकारालाच करता येतो.

भारतीय सुवर्णनाण्यांवर वन्य पशू पूर्वीपासून आढळतात. समुद्रगुप्ताच्या नाण्यावर वाघाची, तर पहिल्या कुमारगुप्ताच्या नाण्यावर गेंड्याची शिकार दिसते. (बयाना येथे १९४६ मध्ये सापडलेल्या गुप्त नाण्यांची सूची अ. स. अळतेकर यांनी सिद्ध केली.) हे देशातील प्रत्यक्ष अरण्यांतले पशू होत. गोव्याच्या कदंबांच्या गद्याणावरील सिंह मात्र राजचिन्ह आहे. कंपनीचा सिंहही वनापेक्षा ब्रिटिश राजमुद्रेलाच जवळचा वाटतो. मागचा ताड तेवढा हिंदी.

रिझर्व्ह बँक ऑफ इंडियाची १९३५ मध्ये स्थापना होताना तिच्या मुद्रेसाठी दुहेरी मोहोरेचा नमुना पुढे आला. वाघ हा भारताचा अधिक वैशिष्ट्यपूर्ण प्राणी, या विचाराने सिंहाच्या जागी वाघ घेण्यात आला. (सिंह तोवर केवळ गीरच्या वनात उरला होता.) मद्रासच्या एका संस्थेने तयार केलेली मुद्रा संचालक मंडळाने २३ फेब्रुवारी १९३५ रोजी संमत केली, पण वाघाचे रूप सुधारावे अशी इच्छाही नोंदविली. डेप्युटी गव्हर्नर जेम्स टेलर यांनी कलकत्त्याच्या बेल्व्हेडिअर प्रासादाच्या प्रवेशद्वारावरील वाघाच्या पुतळ्याचे छायाचित्र मागवून टांकसाळीकडून व नासिकच्या प्रतिभूती मुद्रणालयाकडून नवी रेखाटने करविली. त्यांपैकी एकातील वाघ कुत्र्यासारखा दिसतो, लोक हसतील, अशी तक्रार त्यांनी सप्टेंबर १९३८ मध्ये केली. दुसऱ्यात वाघ चांगला उतरला होता, तर झाड बिघडले होते. नासिकने अखेर समाधानकारक चित्र तयार केले. तरीही मूळ मुद्रा बदलली नाही. नवे चित्र नोटा, धनादेश व अन्य छापील साहित्यावर बोधचिन्ह म्हणून वापरात आले.