डुकरातील पट्टकृमी, अपस्मार आणि समाज : खानदेशच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :

रोगाचा इतिहास हा केवळ वैद्यकशास्त्राचा इतिहास नसतो. कोणाचा आजार मोजला गेला, कोणाचा दुर्लक्षिला गेला आणि दोष कोणाच्या माथी मारला गेला, याचाही तो इतिहास असतो. डुकराच्या मांसातून माणसात येणारा पट्टकृमी, म्हणजेच टीनिया सोलियम, हा या दृष्टीने अभ्यसनीय विषय आहे. जळगाव व धुळे जिल्ह्यांत अपस्माराला फेफरे, मिरगी किंवा नुसते ‘फीट’ म्हटले जाते. झटका आला की कांदा अथवा चप्पल हुंगविणे, भगताकडे नेणे, मुलीचा आजार लग्न ठरेपर्यंत झाकून ठेवणे हे प्रकार ग्रामीण भागात अपरिचित नाहीत. अशा झटक्यांमागे काही वेळा मेंदूत जाऊन बसलेली या कृमीची अळी असते. डुकराचे मांस कधीही न खाल्लेल्या माणसालाही ती होऊ शकते, ही गोष्ट मात्र सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. हे अज्ञान कसे निर्माण झाले आणि का टिकले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कृमीचे जीवनचक्र :

पूर्ण वाढलेला पट्टकृमी केवळ माणसाच्याच लहान आतड्यात राहतो. त्याची लांबी साधारणपणे २ ते ४ मीटर असते. डोक्यावरील ४ चूषके व आकड्यांची दुहेरी रांग यांच्या साहाय्याने तो आतड्याला चिकटतो. त्याचे अंड्यांनी भरलेले खंड विष्ठेवाटे बाहेर पडतात व एकेका खंडात हजारो अंडी असतात. उघड्यावरील विष्ठा डुकराने खाल्ली की अंड्यातील भ्रूण आतड्याची भिंत भेदून रक्तावाटे स्नायूंत जातो आणि तेथे पाण्याने भरलेल्या लहान पुटीच्या रूपाने राहतो. असे मांस कच्चे वा अर्धवट शिजवून खाल्ल्यास माणसाच्या आतड्यात पुन्हा पट्टकृमी वाढतो. हे चक्र येथे पूर्ण होते.

परंतु माणसाने मांसाऐवजी अंडीच गिळली, तर त्याच्या शरीराची अवस्था डुकरासारखी होते. पुट्या त्याच्या स्नायूंत, डोळ्यांत व मेंदूत तयार होतात. ही अंडी दूषित पाणी, कच्चा भाजीपाला, न धुतलेले हात यांतून पोटात जातात. ज्याच्या पोटात कृमी आहे त्याच्या हातून घरातील इतरांना, तसेच त्याला स्वतःलाही ही बाधा होते. म्हणजे मांसाहाराने होतो तो आतड्यातील तुलनेने सौम्य आजार. मेंदूचा आजार होतो तो मानवी विष्ठेमुळे. हा भेद पुढील सर्व विवेचनाचा पाया आहे.

शोधाचा इतिहास :

शरीरातील कृमींचे ज्ञान आपल्याकडे प्राचीन आहे. चरकसंहितेत कृमींचे २० प्रकार सांगितले आहेत. परंतु डुकरातील पुटी आणि माणसातील पट्टकृमी हे एकाच जीवाचे दोन टप्पे आहेत, हे १९व्या शतकाच्या मध्यास युरोपात सिद्ध झाले. १८५३ मध्ये व्हान बेनेडेन यांनी डुकराला पट्टकृमीची अंडी खाऊ घातली व त्याच्या स्नायूंत पुट्या आढळल्या. १८५५ मध्ये जर्मन वैद्य क्यूखनमाइस्टर यांनी फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याला त्याच्या नकळत अशा पुट्या अन्नातून दिल्या आणि मृत्यूनंतर त्याच्या आतड्यात कोवळे पट्टकृमी दाखवून दिले. या प्रयोगावर त्या काळीही नैतिक टीका झाली. ज्ञानाची किंमत अनेकदा समाजातील सर्वांत निराधार माणसाने मोजली आहे, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

वसाहतकालीन नोंदी :

भारतातील या रोगाची पहिली नोंद १८८८ सालची, मद्रासची मानली जाते. झटके येऊन मरण पावलेल्या एका मजुराच्या शवविच्छेदनात आर्मस्ट्राँग यांना या पुट्या आढळल्या. त्यानंतर ज्यांचा सविस्तर अभ्यास झाला ते मात्र भारतात राहून गेलेले ब्रिटिश सैनिक होते. १९३० च्या दशकात मॅकआर्थर या लष्करी वैद्याने दाखवून दिले की, अज्ञात कारणाचा अपस्मार म्हणून नोंदलेल्या अनेक सैनिकांच्या मेंदूत प्रत्यक्षात ही अळी होती. डिक्सन व लिप्सकोम यांनी १९६१ मध्ये अशा ४५० रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांपैकी बहुतेकांनी भारतात नोकरी केली होती आणि संसर्गानंतर कित्येक वर्षांनी त्यांना झटके सुरू झाले होते.

मुंबईत उतरलेल्या पलटणी देवळालीच्या छावणीतून भुसावळमार्गे उत्तरेकडे जात. त्या लोहमार्गालगतच्या गावांतील माणसेही त्याच देशाचे पाणी पीत व त्याच मातीतला भाजीपाला खात होती. सैनिकाची नोंद झाली, कारण त्याच्या मागे लष्करी रुग्णालय व निवृत्तिवेतनाचे दफ्तर होते. खेड्यातील रुग्णाची नोंद ठेवणारे कोणी नव्हते. तो भगताकडेच गेला. त्यामुळे दप्तरातील मौन म्हणजे रोगाचा अभाव, असा निष्कर्ष इतिहासाच्या अभ्यासकाने काढू नये.

क्षयरोगाचा भ्रम :

१९८० च्या दशकात सीटी स्कॅनची सोय झाल्यावर भारतातील अनेक अपस्मार रुग्णांच्या मेंदूत एकच लहानशी कडीसारखी गाठ दिसू लागली. देशात क्षयरोग सर्वत्र असल्याने ती क्षयाचीच समजून महिनोन्‌महिने क्षयाची औषधे दिली जात. काही महिन्यांत गाठ नाहीशी होई आणि निदान बरोबर होते असे वाटे. परंतु क्षयाची औषधे न घेतलेल्या रुग्णांतही ती नाहीशी होत असे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील चांडी, राजशेखर व सहकाऱ्यांनी अशा गाठींचे नमुने काढून तपासले आणि त्यांतील बहुसंख्य मरणोन्मुख अळीभोवतीच्या गाठी असल्याचे १९९१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यापूर्वी १९८८ मध्ये मुंबईचे चेताविकारतज्ज्ञ नोशीर वाडिया व सहकाऱ्यांनी, सर्व शरीरभर पुट्या पसरलेल्या रुग्णांत कृमिनाशक औषध देताना उद्भवणाऱ्या धोक्यांकडे लक्ष वेधले होते. म्हणून या रोगात औषध वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे लागते.

दोष कोणाचा ?

‘डुकराचा कृमी’ या नावामुळे हा रोग वराहपालन करणाऱ्या व वराहमांस खाणाऱ्या श्रमिक समाजांचा, असा समज रूढ झाला. वस्तुस्थिती निराळी आहे. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न्यूयॉर्कमधील, धर्माज्ञेनुसार डुकराचे मांस वर्ज्य मानणाऱ्या ज्यू कुटुंबांत या रोगाचे ४ रुग्ण आढळले. भारतातही शाकाहारी रुग्ण आढळतात. सांडपाण्यावर वाढलेली मेथी-कोथिंबीर कोणत्या ताटात जाते, हे जात विचारून ठरत नाही.

रोग्यावरील कलंकालाही कायद्याचा आधार होता. १९७६ च्या दुरुस्तीने अपस्माराचे वारंवार येणारे झटके हिंदू विवाह कायद्यात विवाहास बाधक ठरविले गेले; १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द वगळण्यात आला. कायदा बदलला, परंतु समाजमन त्या गतीने बदलले नाही. ज्या मुलीचे लग्न मोडले, तिच्या आजाराचे कारण गावाच्या हागणदारीत असू शकते, हा विचार अद्याप रुजलेला नाही.

निष्कर्ष :

१. मेंदूतील या रोगाचे मूळ मांसाहारात नसून मानवी विष्ठेच्या अव्यवस्थेत आहे. सन २००० मध्ये सुरू झालेले संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान हे म्हणूनच अप्रत्यक्षपणे अपस्मार-निवारणाचेही कार्य होते.

२. २ ऑक्टोबर २०१९ रोजी ग्रामीण भारत हागणदारीमुक्त घोषित झाला. घोषणेबरोबर शौचालयाचा नित्य वापर, सांडपाण्याची विल्हेवाट व डुकरांचे बंदिस्त पालन या तिन्ही गोष्टी टिकल्या, तरच जीवनचक्र तुटते. डुकरांसाठीची लसही भारतात तयार होते.

३. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये या रोगाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला. ज्या प्रदेशांत तो सतत आढळतो, तेथे अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे हे कारण असते, असे ती संघटना सांगते. हा अपस्मार टाळता येण्याजोगा आहे.

४. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या इतिहास, प्राणिशास्त्र व समाजकार्य विभागांनी एकत्र येऊन जुन्या रुग्णालयीन नोंदी व मौखिक स्मृती संकलित केल्यास, लष्करी दफ्तरात ज्यांना जागा मिळाली नाही त्या खानदेशी रुग्णांचा इतिहास लिहिता येईल. त्याचा उपयोग वर्गाबाहेर, गावातही होईल.