माथेरानचं इंजिन आणि पीरभॉय

आमच्या राजगुरुनगरला आजही रेल्वे नाही. पुणे-नाशिक मार्गाच्या बातम्या वाचत आमची एक पिढी म्हातारी झाली. पण इथून भीमाशंकरला जाऊन घाटवाटेने खाली खांडसला उतरलं की कर्जत तालुका लागतो, आणि त्याच तालुक्यातल्या नेरळहून माथेरानची छोटी गाडी सुटते. ही गाडी 'इंग्रजांनी बांधली' असं सर्रास म्हटलं जातं. ते खरं नाही.

सर आदमजी पीरभॉय हे मुंबईतले दाऊदी बोहरा व्यापारी. लष्कराला तंबू पुरवून आणि चामड्याच्या धंद्यातून ते मोठे झाले. चर्नी रोडचं सॅनिटोरियम त्यांच्याच नावाचं. डिसेंबर 1907 मध्ये कराचीला भरलेल्या मुस्लिम लीगच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते, त्यामुळे इतिहासाच्या पुस्तकांत ते बहुधा तेवढ्यापुरतेच येतात. पण त्याच 1907 साली माथेरानची रेल्वे सुरू झाली होती. त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी 1904 मध्ये काम हाती घेतलं आणि पैसा घरचा लावला, सुमारे सोळा लाख रुपये. बार्शी लाइट रेल्वे उभारणारे एव्हरार्ड कॅलथ्रॉप सल्लागार होते.

रूळ दोन फुटांचे, अंतर सुमारे 21 किलोमीटर, चढ साडेसातशे मीटरच्या आसपास. काही ठिकाणी वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. वळणं अशी की साधं इंजिन रुळावरून उतरावं. म्हणून जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलकडून चार खास इंजिनं आणली. ही कंपनी मळे, खाणी आणि जंगलातल्या लाकूडवाहू रुळांसाठी लहान इंजिनं बनवण्यात मुरलेली. इंजिनाला सहा चाकं, म्हणजे तीन आस. पुढचा आणि मागचा आस पोकळ नळीत बसवलेला. आतला दांडा जोर देतो आणि बाहेरची नळी चाकांसकट वळणाप्रमाणे थोडी तिरकी होते. क्लिन-लिंडनर पद्धत म्हणतात तिला. कल्पना सोपी वाटते, पण घडवायला महाकठीण.

लाकूडवाहू रेल्वेचं जगभर एकच होतं : झाडं संपली की रूळ उचलायचे. माथेरानची गाडी झाडं न्यायला नव्हे, झाडांत माणसं न्यायला बांधलेली. माथेरानमध्ये मोटारींना बंदी, त्यामुळे जंगल राहिलं आणि गाडीचं कामही राहिलं. 1955 पासून डिझेल आलं, वाफ 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला थांबली. 26 जुलै 2005 च्या पावसाने रूळ वाहून नेले, तेही पुन्हा घातले गेले.

त्या चारांपैकी 738 क्रमांकाचं इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, 740 थेट इंग्लंडला गेलं. वाफेच्या गाड्यांचे शौकीन तिथे बॉयलर आणि आसांवर तासन् तास बोलतात. दिल्लीला गेलात तर चाणक्यपुरीत थांबा, आणि सोबतच्या मुलांना इंजिन दाखवताना अब्दुल हुसेन पीरभॉय हे नावही सांगा.