दाराचं रबर का कुरकुरतं?

बोस्टनमध्ये थंडी शून्याखाली गेली की गाड्यांची दारं बोलायला लागतात. रस्त्यात खड्डा आला की दाराच्या कडेने चूं-चूं. आपल्याकडे कुणीही म्हणेल, बिजागरीला तेल घाला. पण हा आवाज बिजागरीचा नसतो, दाराभोवतीच्या रबरी पट्टीचा असतो. आणि गंमत म्हणजे या पट्टीचा इतिहास याच परिसरात घडलाय!

1830 च्या दशकात अमेरिकेला रबराचं वेड लागलं होतं. बोस्टनला लागून असलेल्या रॉक्सबरीत रबराच्या वस्तूंचा कारखाना निघाला. पण कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट होऊन घाण वास मारायचं, हिवाळ्यात कडक होऊन तडकायचं. गिऱ्हाइकांनी माल परत आणला आणि धंदा बसला.

चार्ल्स गुडइयरने मात्र नाद सोडला नाही. कर्जापायी तुरुंगवारी झाली, घरातली चीजवस्तू गेली. असं सांगतात की 1839 मध्ये वोबर्न गावी त्याचं गंधक मिसळलेलं रबर तापलेल्या शेगडीवर पडलं आणि वितळायच्या ऐवजी चामड्यासारखं झालं. गंधकाने रबराचे लांबलचक रेणू एकमेकांना बांधून टाकले होते. 1844 मध्ये त्याला पेटंट मिळालं, पण पैसा कोर्टकचेऱ्यांत गेला. 1860 मध्ये तो वारला तेव्हा डोक्यावर सुमारे 2 लाख डॉलर्सचं कर्ज होतं. त्याच्या नावाची टायर कंपनी निघाली 1898 मध्ये. तिच्याशी त्याचा किंवा त्याच्या घरच्यांचा काही संबंध नव्हता!

सुरुवातीच्या मोटारी बहुतेक उघड्याच होत्या. 1920 च्या दशकात बंद गाड्या रूढ झाल्या आणि दाराच्या फटी बुजवणं गरजेचं झालं. पण नैसर्गिक रबराला हवेतल्या ओझोनने चिरा पडतात. ओझोन रेणूंच्या साखळीतल्या दुहेरी बंधांवर हल्ला करतो. त्यावर उतारा मिळाला झीग्लर आणि नाट्टा यांच्या उत्प्रेरकांमुळे (1963 चं नोबेल). त्यातून आलेल्या ईपीडीएम या रबराच्या मुख्य साखळीत दुहेरी बंधच नसतात. आज बहुतेक गाड्यांच्या दारांना हेच रबर असतं.

मग ते कुरकुरतं का? गाडी हलली की रबर रंगवलेल्या पत्र्याला धरून ठेवतं, ताणलं जातं, सुटतं, पुन्हा धरतं. हे सेकंदाला शेकडो वेळा झालं की कानाला आवाज येतो. 1939 मध्ये केंब्रिजच्या बाउडन आणि लेबेन यांनी अशा घर्षणाचा अभ्यास केला, तेव्हापासून त्याला ‘स्टिक-स्लिप’ म्हणतात. सारंगी वाजते ती याच न्यायाने. फरक एवढाच की गजाला राळ लावून वादक पकड वाढवतो, आणि आपल्याला ती कमी करायचीय. थंडीत रबर ताठ होतं, म्हणून तेव्हा तक्रार जास्त.

उपाय सोपा. पट्टी आणि तिच्यासमोरचा पत्रा साबणाच्या पाण्याने पुसा, वाळू द्या, मग फडक्याने सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. इंजिन ऑइल किंवा व्हॅसलीन नको. ईपीडीएम ओझोनला दाद देत नाही, पण पेट्रोलियमच्या तेलाने फुगतं आणि मऊ पडतं. मग आवाज जाईल, पण पहिल्या पावसात पाणी आत येईल. पट्टीचं काम फट बुजवण्याचं, दार बंद राहतं ते खटक्यामुळे.