कीहोलच्या घळीतला सोमवार

तासगावच्या माणसाला येरळा ठाऊक आहे. इथलं आभाळ कोरडं असतानाही तिला पाणी येतं, कारण पाऊस वर खटावात झालेला असतो. घळीत उतरणाऱ्यानंही डोक्यावरच्या आभाळावर विसंबायचं नसतं. अमेरिकेत युटा राज्यातल्या झायन राष्ट्रीय उद्यानात 14 सप्टेंबर 2015 रोजी काय झालं ते पाहा.

सकाळी 7.40
कीहोल घळीसाठी सात जणांच्या गटाला परवाना मिळतो. सगळे पन्नाशीतले. पूर येण्याची बरीच शक्यता असल्याचं त्यांना सांगितलं जातं. पण जायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं, असा तिथला नियम. माझ्या मते दिवसाचा निकाल इथंच लागला. काठावरून परतता येतं. दोरानं खाली उतरून दोर ओढून घेतला, की वरची वाट संपते. साम्रदहून सांदणच्या घळीत उतरून डेहण्याकडे दोन दिवसांची चाल करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. जाणते ट्रेकर पावसाळ्यात तिकडे उतरत नाहीत, ते याचसाठी.

दुपारी 2.22
हवामान विभाग पुराचा इशारा देतो. अरुंद घळी बंद केल्या जातात. आत गेलेल्यांना कळवायचं कसं? काही साधन नाही.

4.30 नंतर
तासाभराच्या आत 16 मिलिमीटर पाऊस. आपल्या काळ्या रानात एवढा पाऊस मुरून जाईल. तिथे मातीच नाही, नुसता उघडा वालुकाश्म. पडेल तो थेंब घळीकडे धावतो. कीहोल इतकी चिंचोळी, की काही ठिकाणी अंग आडवं करूनच सरकावं लागतं. पाण्याला पसरायला जागा नाही, म्हणून ते उभं चढतं.

उद्यानातल्या व्हर्जिन नदीच्या उत्तर शाखेचा प्रवाह 15 मिनिटांत 55 क्युसेकवरून 2,630 वर गेला. कोयनेच्या विसर्गाचे आकडे ऐकणाऱ्या सांगलीकरांना हा किरकोळ वाटेल. पण पाव तासात जवळजवळ 48 पट! धावायला तरी वेळ कुठला? त्याच दिवशी जवळच्या हिल्डेल गावी पुरात सापडलेल्या दोन गाड्यांमधली 13 बायका-मुलं गेली.

मंगळवारपासून
पाणी ओसरेल तसतसं शोधपथक घळीत शिरतं. गुरुवारी, 17 सप्टेंबरला, सातवा मृतदेह हाती लागतो.