आवाजाची किल्ली

गोदावरी खोऱ्याची रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली आणि परभणी जिल्ह्यातल्या मानवत रोड स्टेशनामुळे इथल्या काळ्या मातीतला कापूस दूरच्या बाजारपेठांशी जोडला गेला. सरकी काढायची, गाठी बांधायच्या, वजन करून डब्यात चढवायच्या, अशी कापसाच्या प्रवासाची रीत बसली. आवाजाच्या प्रवासाची रीतही नेमकी तेव्हाच बसत होती, पण ती मानवतपासून फार लांब. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेस्बर्ग कलकत्त्यात आले आणि गायिका गौहर जानचे गाणे त्यांनी मेणाच्या तबकडीवर कोरून घेतले. ती तबकडी जर्मनीतल्या हॅनोव्हरला गेली, तिथे तिच्या प्रती निघाल्या आणि त्या बोटीने इकडे परत आल्या. आज मानवतसारख्या तालुक्याच्या गावात एखादा तरुण घरातल्याच खोलीत मायक्रोफोन लावून भीमगीत, भारूड नाहीतर गोंधळ रेकॉर्ड करायला बसतो, तेव्हा हॅनोव्हरचे काम त्याच्या टेबलावरची वीटभर आकाराची एक पेटी करते. तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. मायक्रोफोनमधून आलेला विजेचा क्षीण लहरता प्रवाह ती वाढवते, सेकंदाला ४८ हजार वेळा मोजते आणि ते आकडे संगणकाकडे पाठवते. यातली भरवशाची पेटी कोणती, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा आवाजाच्या शुद्धतेत शोधले जाते. गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. ज्या यंत्राची किल्ली एकाच्या खिशात राहिली ते कितीही उत्तम असले तरी दगा देऊन गेले, आणि ज्याची किल्ली सगळ्यांना मिळाली ते साधारण असूनही टिकले.

सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणात वीज नव्हतीच. गायकाने भोंग्यात तोंड घालून गायचे, त्या दाबाने सुई हलायची आणि मेणावर चर उमटायची. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. रात्रभर चालणारा गोंधळ त्या मापात बसणार कसा? शिवाय संबळ. काठीचा एक टोला पडला की हवेत जो धक्का बसतो, तो त्या सुईला पेलणारा नव्हता. मोठ्या आवाजाची वाद्ये भोंग्यापासून दूर ठेवावी लागत. १९२५ नंतर विजेवरचे ध्वनिमुद्रण आले, मायक्रोफोन आला, पण यंत्र शहरातच राहिले. मुंबई-पुण्याच्या नाट्यसंगीताला तबकडी मिळाली. पहाटे जात्यावर बसून गाणाऱ्या बाईपर्यंत ती येण्याचे कारणच नव्हते, कारण तबकडी कापण्याचे यंत्र कंपनीचे, कारखाना कंपनीचा आणि कोणाचा आवाज विकेल हा अंदाजही कंपनीचाच.

निजामाच्या राज्यात १९३५ पासून हैदराबादहून दख्खन रेडिओ ऐकू येऊ लागला आणि स्वातंत्र्यानंतर तो आकाशवाणीत विलीन झाला. परभणीला आकाशवाणीचे केंद्र १९६८ मध्ये उभे राहिले, तेव्हा मानवत, पाथरी, सेलू, जिंतूरच्या बोलीला पहिल्यांदा घराजवळचा मायक्रोफोन मिळाला. या केंद्राचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. पण त्या काळच्या यंत्राची अडचण समजून घ्यायला हवी. स्टुडिओतल्या टेपयंत्रावर फीत सेकंदाला साडेसात इंच या वेगाने धावे. बाराशे फुटांचे रीळ अर्ध्या तासात संपे. फीत महाग. म्हणून कार्यक्रम प्रसारित झाला की ती पुसायची आणि पुन्हा वापरायची, ही जगभरच्या नभोवाणी केंद्रांची रीत होती. बीबीसीसारख्या श्रीमंत संस्थेनेही आपले असंख्य कार्यक्रम असेच पुसले. यंत्र अगदी भरवशाचे होते, आवाजही स्वच्छ होता, तरी राहिले काय हे फितीच्या दरावर आणि कपाटाच्या किल्लीवर ठरले.

ही कोंडी फोडली ती कॅसेटने. फिलिप्सने १९६३ मध्ये ती बाजारात आणली आणि थोड्याच काळात एक मोठा निर्णय घेतला. ठरलेले माप पाळणाऱ्या कोणत्याही कंपनीला कॅसेट आणि तिचे यंत्र बनवण्याचा परवाना मोफत दिला. तांत्रिक दृष्टीने कॅसेट रिळाच्या पासंगालाही पुरत नव्हती. फितीची रुंदी चार मिलिमीटरहून कमी, वेग सेकंदाला पावणेदोन इंचांच्या जरासा वर, आणि मागे सतत सळसळ. पण ती सेलवर चालत असे. वीज गेली तरी चालत असे. कोणत्याही कंपनीची कॅसेट कोणत्याही कंपनीच्या टेपमध्ये बसत असे, आणि फीत गुंतली तर भोकात पेन्सिल घालून पोरसुद्धा ती गुंडाळून देई. १९८० च्या दशकात भारतात कॅसेटचे जे पीक आले त्याचा अभ्यास पीटर मॅन्युअल यांनी आपल्या १९९३ च्या पुस्तकात केला आहे. एका बड्या कंपनीची मक्तेदारी मोडून गावोगावचे छोटे निर्माते कसे उभे राहिले, हा त्याचा गाभा. मराठीत त्याचे सर्वात ठसठशीत रूप म्हणजे प्रल्हाद शिंदे यांचा घरोघरी, यात्रेत, एसटी स्टँडवरच्या टपरीत घुमलेला आवाज आणि चौदा एप्रिलच्या आधी निघणाऱ्या भीमगीतांच्या कॅसेटी. त्या गाण्यांना सळसळीने अडवले नाही. कॅसेटलाही बुरशी लागते, फीत चिकटते, हे खरेच. पण एका गाण्याच्या हजारो प्रती हजारो घरांत गेल्या, म्हणून एखादी तरी सापडते, आणि ती वाजवणारा टेप दुरुस्तीवाल्याच्या फळीवर अजून निघतो.

याच्या नेमकी उलट गोष्ट डॅटची, म्हणजे सोनीने १९८७ मध्ये आणलेल्या डिजिटल फितीची. आवाज सीडीच्या तोडीचा, १६ बिट, सेकंदाला ४८ हजार नमुने, आणि यंत्र खांद्याला लटकवून नेता येईल एवढे. मराठवाड्याचा याच्याशी थेट संबंध आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी पुण्याच्या आपल्या संस्थेतून १९८० च्या दशकात जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे बर्नार बेल त्यांना येऊन मिळाले आणि १९९० च्या दशकात निवडक गावांमधले गाणे डिजिटल फितीवर उतरवले गेले. गोदावरीपलीकडे, बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरमध्ये बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या त्यातच आहेत. एक लाखाहून जास्त ओव्यांचा हा संग्रह आणि सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण हे मराठी बाईच्या शब्दाचे केवढे मोठे धन आहे! गावात पिठाची गिरणी आली आणि ओवीचा प्रसंगच संपला, हे लक्षात घेतले तर त्या फितींची किंमत कळते. पण त्याच फितींचे यंत्र मात्र मेले. ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी नकलांच्या भीतीने डॅटला विरोध केला, अमेरिकेत १९९२ च्या कायद्याने नकलेची नक्कल रोखणारी यंत्रणा त्यात घालणे बंधनकारक केले, घरोघरी डॅट गेलेच नाही, आणि २००५ मध्ये सोनीने ही यंत्रे बनवणे थांबवले. फिरते हेड झिजले की सुटा भाग मिळत नाही. ओव्या वाचल्या त्या फितीच्या गुणाने नव्हे. कोणीतरी त्या वेळेवर संगणकात उतरवल्या, शब्द टंकून घेतले, आणि २०१७ पासून ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या सर्वांसाठी खुल्या केल्या, म्हणून वाचल्या. ते १२० तास साध्या, न दाबलेल्या स्वरूपात ठेवले तर शंभर जीबीच्या आतच मावतात. आज नखाएवढ्या कार्डावर ते बसतील.

इंटरफेसच्या छोट्याशा इतिहासात हीच दोन टोके पुन्हा दिसतात. २००२ मध्ये डिजिडिझाइन कंपनीने एमबॉक्स ही पेटी आणली आणि घरच्या टेबलावर प्रो टूल्स हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर आले. पण ते सॉफ्टवेअर त्याच घराण्याच्या पेटीवर चालणार, ही अट २०१० च्या शेवटापर्यंत सुटली नाही. फायरवायर या वेगळ्या जोडणीच्या पेट्या आवाजाला आणि वेगाला यूएसबीपेक्षा सरस मानल्या जात. पुढे लॅपटॉपला ते भोकच राहिले नाही आणि धडधाकट पेट्या माळ्यावर गेल्या. ज्या पेटीला संगणकाशी बोलण्यासाठी कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे जोडणारे सॉफ्टवेअर लागते, तिचे आयुष्य त्या ड्रायव्हरएवढेच. विंडोजची नवी आवृत्ती आली आणि कंपनीने ड्रायव्हर नवा केला नाही तर आतले सगळे सुटे भाग चांगले असून पेटी मुकी होते. उलट यूएसबी ऑडिओचा एक सामाईक, खुला नियम आहे. तो पाळणारी पेटी मॅकवर, लिनक्सवर, बहुतेक अँड्रॉइड फोनवर आणि २०१७ पासून विंडोजवरही काही न टाकता चालू शकते. कॅसेटचे माप जसे सर्वांचे होते तसाच हा प्रकार. मायक्रोफोनला लागणारे ४८ व्होल्टही असेच सामाईक झाले. नॉर्वेच्या नभोवाणीकडे आणीबाणीच्या दिव्यांसाठी तेवढ्या दाबाची वीज आधीच होती, म्हणून १९६६ मध्ये नॉयमन या मायक्रोफोन कंपनीने तिच्यावर चालणारे मायक्रोफोन करून दिले. आज बहुतेक कंपन्यांचे कंडेन्सर माइक बहुतेक पेट्यांना जोडता येतात ते त्यामुळे.

यावर पहिला आक्षेप जाणकारांचा असतो. आवाज चांगला नसेल तर टिकवून करायचे काय? आक्षेप रास्त आहे, आणि तीस वर्षांपूर्वी तो निर्णायक ठरला असता. आता गणित बदलले आहे. साध्या कॅसेटवर सर्वात मोठा आणि सर्वात हळू आवाज यांच्यात पन्नासेक डेसिबलचे अंतर मिळे. आजच्या साध्या इंटरफेसवर ते शंभराच्या पुढे जाते. पण घरातल्या खोलीत पंखा, बाहेरचा ट्रॅक्टर, शेजारच्या पत्र्यावरची कबुतरे मिळून तीस-चाळीस डेसिबलचा गोंगाट कायम असतो, म्हणजे खोलीच यंत्राच्या कितीतरी आधी हात टेकते. संबळ घ्या. परभणीचे गोंधळी राजारामबापू कदम यांच्यासारख्यांनी ज्या वाद्याला देशभर मान मिळवून दिला, त्याचा टोला गाण्याच्या शब्दापेक्षा कितीतरी जोरात पडतो. गेनचे, म्हणजे आवाज किती वाढवायचा ते ठरवणारे बटण शब्दासाठी लावले की टोल्याला पेटीवरचा दिवा झर्रकन लाल होतो आणि तो टोला कायमचा फाटतो. कितीही महागडी पेटी तो परत शिवून देत नाही. इथे उपयोगी पडतात दोन वेगळ्या वाटा. संबळाला एक माइक, गळ्याला दुसरा, आणि संबळाच्या वाटेवर भरपूर मोकळी जागा. म्हणून दोन माइक घेणारी, प्रत्येकाचा गेन निराळा असणारी पेटी हवी, एवढी अट आवाजाच्या बाजूने मी नक्की घालीन.

दुसरा आक्षेप आणखी जोरकस आहे. फोन असताना पेटी कशाला? एकट्या बाईची ओवी टिपायची असेल तर फोन पुरतो, आणि इंटरफेसची वाट पाहत ओवी हरवण्यापेक्षा फोन लाख पटीने बरा. कॅसेटचा खरा वारस तोच आहे. पण फोन बहुधा आपणहून हळू आवाज वर आणि मोठा आवाज खाली करतो, त्यामुळे जात्याची घरघर आणि गळा यांच्यातले अंतर पुसले जाते. आणि तीच फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरली की दाबली जाते. पुढे जपून ठेवली जाते ती बहुतेक ही दाबलेलीच. संग्रह म्हणून करायचे असेल तर १९९१ पासून चालत आलेल्या, सगळीकडे उघडणाऱ्या वेव्ह स्वरूपात ठेवावे, आणि हे फोनवरही जमते.

राहिली वीज. मराठवाड्यात लोडशेडिंगची वर्षे ज्यांनी काढली त्यांना यंत्राच्या भरवशाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. यूएसबीच्या साध्या जोडणीतून अडीच वॅट मिळतात. तेवढ्यावर चालणारी पेटी लॅपटॉपच्या बॅटरीवर तासभर तरी सहज गाणे घेते, वेगळा अ‍ॅडॉप्टर मागणारी मात्र दिवा गेला की गप्प. अर्थिंग नीट नसलेल्या घरात हेडफोनमध्ये पन्नास हर्ट्‌झची जी जाडसर गुणगुण येते, ती लॅपटॉपचा चार्जर काढला की बऱ्याचदा थांबते, आणि दोष पेटीचा समजून लोक तीच बदलतात. तेव्हा दुकानात स्वतःचा लॅपटॉप घेऊन जावे, काहीही न टाकता पेटी जोडावी, चार्जर काढून माइकसमोर दोन मिनिटे बोलावे, मग तीच वायर काढून सोबत आलेल्या कुणाच्या तरी फोनला लावावी आणि तिथेही आवाज उमटतो का ते ऐकावे.